संभाव्यतेचें गणित : फांशांपासून न्यायासनापर्यंत

शास्त्रांच्या कुळकथा सामान्यतः प्रतिष्ठित असतात. ज्योतिषाचा उगम यज्ञकालाच्या निर्णयांत आहे, भूमितीचा उगम वेदी रचण्यांत किंवा शेतांच्या मोजणींत आहे, असें सांगतांना कोणासहि संकोच वाटत नाहीं. परंतु ज्या शास्त्राच्या आधारानें आज विम्याचे दर ठरतात, नव्या औषधांची पारख होते आणि पिकांचे अंदाज बांधले जातात, त्या संभाव्यताशास्त्राची कुळकथा फांशांच्या खुळखुळाटांत सुरू होते हें सांगतांना गणिताचा अध्यापक सुद्धां किंचित् खाकरतो. आम्हांस या कुळाची लाज वाटत नाहीं. याचें कारण असें कीं, ज्या प्रश्नामुळें हें शास्त्र खऱ्या अर्थानें उभें राहिलें, तो जुगारांत जिंकावें कसें हा नव्हता. अर्धवट राहिलेल्या डावांतील पैसा दोघां खेळाडूंत न्यायानें कसा वांटावा, हा होता. म्हणजे मुळांत तो प्रश्न वांटणीचा, किंबहुना न्यायनिवाड्याचा होता. त्याच शास्त्राचा एक अगदीं प्राथमिक नियम विसरल्यामुळें आपल्या काळांत एका न्यायालयांत काय घडलें, तें या लेखाच्या उत्तरार्धांत येईल.

जुगाराचें म्हणाल तर त्यांत आपण कोणाला मागें नाहीं. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचें एक संपूर्ण सूक्त आहे. बेहड्याचीं फळें हे त्या वेळचे फांसे होत. महाभारताच्या वनपर्वांत नलराजाची कथा आहे, ती आमच्या वाचकांस पाठ असेल. परंतु तिच्यांतला एक प्रसंग गणिताच्या दृष्टीनें फार थोडे लोक वाचतात. बाहुकाच्या वेषांतील नल ऋतुपर्ण राजाचा रथ हांकीत असतां वाटेंत एक बेहड्याचें झाड लागतें. ऋतुपर्ण रथांतूनच त्याच्याकडे पाहतो आणि दोन फांद्यांवर पांच कोटि पानें आणि दोन हजार पंचाण्णव फळें आहेत असें सांगून मोकळा होतो. नलाला हें पटत नाहीं. तो रथ थांबवून फळें मोजतो आणि संख्या बरोबर निघते. मग ऋतुपर्ण त्याला ‘अक्षहृदय’ म्हणजे फांशांचें रहस्य देतो आणि बदल्यांत अश्वविद्या घेतो. झाडाची संख्या अटकळीनें सांगणें आणि फांशांची विद्या जाणणें हीं दोन्हीं एकाच माणसाच्या ठिकाणीं कथाकारानें ठेविलीं, ही गोष्ट आम्हांस मोठी मार्मिक वाटते. तथापि त्या विद्येचें स्वरूप काय होतें हें कथेंत कोठेंहि उलगडलेलें नाहीं, आणि त्यावरून प्राचीनांस संभाव्यतेचें गणित ठाऊक होतें असा डांगोरा पिटणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं.

त्याहून अधिक आश्चर्य दुसऱ्या गोष्टीचें वाटतें. संभाव्यतेच्या गणिताला जें साहित्य लागतें तें आपल्याकडे पुष्कळ आधीं तयार होतें. इतक्या वस्तूंतून इतक्या निवडावयाच्या तर किती प्रकारें निवडतां येतील, याचा सर्वसामान्य नियम महावीराचार्यानें नवव्या शतकांत ‘गणितसारसंग्रहां’त दिला आहे. भास्कराचार्याच्या लीलावतींत (शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०) सहा रसांपासून किती प्रकारचीं मिश्रणें होतील असा प्रश्न आहे, एकेक रसाचीं ६, दोनदोनांचीं १५, तीनतीनांचीं २०, अशी बेरीज करीत गेल्यास उत्तर ६३ येतें. प्रकार मोजण्याची ही कला हाताशीं असतां, मोजलेल्या प्रकारांपैकीं इतके अनुकूल, म्हणून आशा इतकी, एवढें एकच पाऊल पुढें टाकावयाचें राहिलें. तें येथें पडलें नाहीं. फांशाचें दान हें दैवाचें किंवा कलीचें काम, तेथें मोजदाद कसली, अशी समजूत त्याच्या आड आली असावी असा आमचा तर्क आहे. ग्रीकांची गतिहि याहून निराळी झाली नाहीं.

तें पाऊल टाकण्याचा पहिला धीट प्रयत्न सोळाव्या शतकांतील इटलींत झाला. जेरोलामो कार्दानो (१५०१–१५७६) हा वैद्य, गणिती, ज्योतिषी आणि अट्टल जुगारी. त्यानें फांशांच्या खेळावर एक पुस्तक लिहून ठेविलें. तें छापलें गेलें १६६३ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर सत्याऐंशीं वर्षांनीं. त्यांत या शास्त्राची पहिली व्याख्या बीजरूपानें आहे. एक फांसा टाकला तर सहा बाजू सारख्याच योग्यतेच्या. त्यांपैकीं एक हवी असेल तर आशा सहांत एक. दोन फांसे टाकले तर प्रकार ३६. अनुकूल प्रकारांची संख्या वर आणि एकंदर प्रकारांची खालीं लिहिली कीं जो अपूर्णांक होतो, ती त्या घटनेची संभाव्यता. अशक्य गोष्टीची संभाव्यता शून्य, निश्चिताची एक, आणि बाकी सर्व जगाचा व्यवहार या दोहोंच्या मध्यें.

येथें ‘सारख्याच योग्यतेच्या’ या शब्दांवर सर्व भार आहे, आणि विद्यार्थी नेमके तेच शब्द वगळून व्याख्या पाठ करतात. या शब्दांचें महत्त्व गॅलिलिओच्या एका लहानशा टिपणांत उत्तम दिसतें. तीन फांसे टाकून त्यांची बेरीज करावयाची. नऊ ही बेरीज सहा तऱ्हांनीं होते : १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. दहा ही बेरीजहि सहाच तऱ्हांनीं होते : १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४ आणि ३-३-४. मग दोन्हींची आशा समान हवी. परंतु अनुभवी खेळाडूंचें म्हणणें असें कीं, दहा हें दान नवापेक्षां किंचित् अधिक वेळां पडतें. गॅलिलिओनें उलगडा केला तो असा. तीन फांसे निरनिराळ्या रंगांचे आहेत असें समजा. मग १-२-६ ही एक तऱ्हा नसून सहा आहेत. १-४-४ या तीन आहेत. आणि ३-३-३ ही मात्र एकच. या हिशेबानें एकंदर २१६ प्रकारांपैकीं नवाचे २५ व दहाचे २७ होतात. फरक २१६ त अवघा दोनाचा. आणि तो त्या खेळाडूंच्या नजरेनें टिपला होता! ते किती काळ खेळत बसले असतील याचा विचार करावा, आणि त्यांच्या घरच्या मंडळींची कींव करावी.

आतां मुख्य कथेकडे वळूं. इ. स. १४९४ मध्यें लुका पाचोली नांवाच्या इटालियन यतीनें आपल्या गणिताच्या मोठ्या ग्रंथांत एक प्रश्न घातला. दोन पक्ष चेंडूचा खेळ खेळत आहेत. जो प्रथम ६० गुण करील तो सर्व पैसा नेईल. एकाचे ५० व दुसऱ्याचे २० झाले असतां कांहीं कारणानें खेळ मोडला. पैसा कसा वांटावा? पाचोलीचें उत्तर, झालेल्या गुणांच्या प्रमाणांत, म्हणजे पांचास दोन या प्रमाणानें. वरवर पाहतां हें शहाणपणाचें दिसतें. परंतु १५५६ सालीं तार्ताल्यानें त्यांतील वैगुण्य दाखविलें. पहिलाच गुण होऊन खेळ मोडला तर एकाचे १० आणि दुसऱ्याचे शून्य; मग या नियमानें पहिल्यानें सगळी रक्कम उचलावी काय? तार्ताल्यानें आपला एक तोडगा सुचविला, पण त्याजबरोबर असेंहि म्हटलें कीं, हा प्रश्न खरोखर गणित्याचा नसून न्यायाधीशाचा आहे आणि तो कसाहि सोडविला तरी भांडणास जागा राहणारच.

पुढें जवळजवळ शंभर वर्षांनीं तो सुटला, आणि सोडविणाऱ्या दोघांपैकीं एक खरोखरच न्यायाधिकारी होता. प्येर द फर्मा हा दक्षिण फ्रान्सांतील तुलूझच्या न्यायसभेचा सदस्य. गणित हा त्याचा फावल्या वेळचा छंद. दुसरा ब्लेझ पास्कल, पॅरिसमध्यें राहणारा, एकतीस वर्षांचा, प्रकृतीनें जर्जर. शव्हालिए द मेरे या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका सरदारी थाटाच्या गृहस्थानें पास्कलपुढें दोन कोडीं ठेविलीं, आणि १६५४ च्या उन्हाळ्यांत पास्कल व फर्मा यांच्यांत पत्रव्यवहार सुरू झाला. हे दोघे आयुष्यांत एकमेकांस कधींहि भेटले नाहींत.

पास्कलच्या २९ जुलैच्या पत्रांतील उदाहरण घेऊं. दोघांनीं प्रत्येकीं ३२ मोहरा लावल्या. जो प्रथम तीन डाव जिंकेल त्यानें ६४ न्यावयाच्या. पहिल्याचे दोन डाव झाले, दुसऱ्याचा एक. आणि खेळ थांबला. पास्कलची युक्ति अशी कीं, मागें काय झालें तें पाहूंच नये, पुढें काय होईल तें पाहावें. पुढचा डाव पहिल्यानें जिंकला तर त्याला ६४ मिळतात. हरला तर बरोबरी होऊन ३२ मिळतात. म्हणजे ३२ त्याच्या हक्काच्याच. उरलेल्या ३२ दोघांच्याहि होऊं शकतात, सबब त्या निम्म्या-निम्म्या. पहिल्यास ४८, दुसऱ्यास १६. पाचोलीच्या नियमानें हेंच प्रमाण दोनास एक झालें असतें; येथें तें तिनास एक झालें. यापुढची पायरी याच पायरीवरून चढतां येते. दोन-शून्य अशी स्थिति असेल तर पुढच्या डावांतील जयानें ६४ आणि पराजयानें आतांच काढलेले ४८. म्हणून ४८ हक्काचे व उरलेल्या १६ चे निम्मे, एकूण ५६. एक-शून्य अशी स्थिति असेल तर ४४. साध्या बेरजा-वजाबाक्यांपलीकडे यांत कांहींहि नाहीं, आणि तरी दीडशें वर्षें तो प्रश्न अडून बसला होता. गतकाळाच्या गुणांवर हक्क न मोजतां भविष्याच्या शक्यतांवर मोजावा, ही दृष्टि येण्यास तेवढा अवधि लागला. डच पंडित हायगेन्स यानें १६५७ सालीं या विषयावरील पहिलें छापील पुस्तक काढलें, तें याच कल्पनेवर उभारलेलें आहे. ‘अपेक्षित मूल्य’ म्हणून आज आमचे विद्यार्थी जें शिकतात तें हेंच.

फर्माची रीत निराळी होती. पहिल्यास एक डाव कमी, दुसऱ्यास दोन; तेव्हां फार तर दोन डावांत निकाल लागणार. ते दोन्ही डाव खेळलेच आहेत असें समजा. प्रकार चार : दोन्ही पहिल्याचे; पहिला पहिल्याचा, दुसरा दुसऱ्याचा; याच्या उलट; आणि दोन्ही दुसऱ्याचे. यांपैकीं फक्त शेवटच्या प्रकारांत दुसरा खेळाडू बाजी मारतो. म्हणून वांटणी तिनास एक. उत्तर तेंच आलें, आणि पॅरिसमधलें सत्य तुलूझमध्येंहि तेंच आहे हें पाहून पास्कलला अत्यानंद झाला. परंतु रोबेर्वाल नांवाच्या गणित्यानें या पद्धतीवर आक्षेप घेतला कीं, पहिल्यानें डाव मारतांच खेळ संपतो, मग न खेळलेले डाव मोजावयाचे कशाला? आक्षेप वरून मोठा सयुक्तिक दिसतो. त्यानुसार वरच्या उदाहरणांत तीनच प्रकार उरतात : पहिला जिंकला आणि संपलें, हरला, मग जिंकला, हरला आणि पुन्हा हरला. म्हणून आशा तिनांत दोन! अशीच चूक पुढें १७५४ सालीं दालांबेरसारख्या थोर गणित्यानें फ्रेंच विश्वकोशांत केली. नाणें दोनदां उडवून निदान एकदां छापा पडण्याची संभाव्यता, त्याच्या मतें, दोन-तृतीयांश. वस्तुतः ती तीन-चतुर्थांश आहे. कारण त्या तीन शक्यता सारख्या योग्यतेच्या नाहींत. पहिली एकटीच अर्ध्या वजनाची आहे. गॅलिलिओच्या रंगीत फांशांचा धडा येथें पुन्हा गिरवावा लागतो. रोबेर्वाल व दालांबेर यांच्या पंक्तीस बसणारे विद्यार्थी आम्हांस दरवर्षीं भेटतात, आणि आम्ही त्यांना रागें भरत नाहीं.

द मेरेचें दुसरें कोडें बेरीज आणि गुणाकार यांतील भेदाचें आहे. दोन घटना अशा असतील कीं, एक घडली तर दुसरी घडूंच शकत नाहीं, तर त्यांपैकीं कोणती तरी एक घडण्याची संभाव्यता दोहोंच्या बेरजेइतकी असते. दोन फांशांची बेरीज सात येणें (३६ त ६) आणि अकरा येणें (३६ त २) या दोन गोष्टी एकाच वेळीं होणें शक्य नाहीं. म्हणून सात किंवा अकरा येण्याची आशा ३६ त ८. परंतु ही अट विसरून बेरीज केली तर अनर्थ होतो. एक फांसा चारदां टाकला तर निदान एकदां षट्क पडण्याची आशा किती? एकषष्ठांश चारदां मिळवून दोन-तृतीयांश म्हणावें, तर त्याच न्यायानें सहादां टाकल्यास षट्क पडणें निश्चित ठरेल; आणि सारीपाट खेळलेल्या कोणत्याहि पोराला हें खोटें आहे हें ठाऊक असतें. खरा मार्ग उलट बाजूनें जातो. षट्क न पडण्याची संभाव्यता पांच-षष्ठांश. फांशाला मागच्या दानाची आठवण नसते, म्हणून चारहि वेळां न पडण्याची संभाव्यता हा अपूर्णांक चारदां गुणून मिळते : १२९६ त ६२५. ती एकांतून वजा केली कीं उरले १२९६ त ६७१, म्हणजे निम्म्याहून किंचित् अधिक. या पैजेंत द मेरेसारख्यास फायदा होता. आतां जुना हिशेब असा कीं, सहा बाजूंस चार वेळां पुरतात, तर दोन फांशांच्या ३६ प्रकारांस चोवीस वेळां पुरावे. पण दोन फांशांवर षट्कांची जोडी चोवीस वेळांत एकदां तरी पडण्याची संभाव्यता सुमारें ०·४९१ येते, म्हणजे निम्म्याहून कमी. पंचवीस वेळां टाकल्यावरच ती निम्म्यापलीकडे जाते. द मेरे यावर इतका संतापला कीं, अंकगणितच स्वतःशीं विसंगत आहे असें तो म्हणूं लागला. पास्कलनें फर्माला लिहितांना या गृहस्थाचें वर्णन बुद्धिमान् पण भूमितिज्ञ नव्हे असें केलें आहे, आणि हा त्याचा मोठाच दोष होय अशी पुस्तीहि जोडली आहे.

या पत्रव्यवहाराचा शेवट चटका लावणारा आहे. त्याच वर्षाच्या २३ नोव्हेंबरच्या रात्रीं पास्कलला एक उत्कट धार्मिक अनुभव आला आणि त्याचें मन गणितावरून बहुतांशीं उडालें. तो १६६२ त वारला, फर्मा १६६५ त.

पुढील दीडशें वर्षांचा इतिहास आम्ही धांवत्या दृष्टीनेंच पाहणार आहों. बाझेलचा याकोब बर्नूली यानें वीस वर्षें खपून हें सिद्ध केलें कीं, प्रयोगांची संख्या पुरेशी वाढविली म्हणजे प्रत्यक्ष आढळणारें प्रमाण खऱ्या संभाव्यतेच्या हवें तितकें जवळ राहील, याविषयीं आपणांस हवी तितकी खात्री बाळगतां येते. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनीं, १७१३ सालीं, पुतण्यानें प्रसिद्ध केला. या सिद्धान्ताचा बाजारांत जो विपर्यास होतो तो मात्र सांगितलाच पाहिजे : दहा वेळां काटा पडला म्हणून अकराव्या वेळीं छापा ‘येणें लागतो’ असें त्यांतून मुळींच निघत नाहीं. नाणें कर्जफेड करीत नाहीं. नवीं दानें इतकीं पडतात कीं जुना फरक त्यांत बुडून जातो, इतकेंच. फ्रान्समधून धर्मछळामुळें लंडनास पळून आलेला अब्राहाम द म्वाव्र शिकवण्या करून कसाबसा पोट भरीत असे. त्याच्या १७१८ च्या ग्रंथांत गुणाकाराचा नियम त्याच्या अटीसह स्वच्छ मांडला गेला. एका घटनेच्या होण्यान होण्यानें दुसरीच्या आशेंत फरक पडत नसेल, तरच त्या घटना स्वतंत्र. आणि स्वतंत्र असतील तरच संभाव्यतांचा सरळ गुणाकार करावा. फरक पडत असेल तर पहिली घडली आहे असें धरून दुसरीची जी संभाव्यता येईल, तिनें गुणावें. बावन्न पानांतून एक एक्का काढल्यावर दुसरा एक्का निघण्याची आशा बावन्नांत चार राहत नाहीं, एक्कावन्नांत तीन होते, हें पत्ते पिसणाऱ्या प्रत्येकास कळतें.

अशा ‘सशर्त’ संभाव्यतेंत सर्वांत निसरडी जागा म्हणजे शर्त आणि घटना यांची अदलाबदल. टॉमस बेज हा इंग्लंडांतील एक पाद्री १७६१ त वारला. त्याच्या कागदांत सांपडलेला निबंध त्याचा मित्र रिचर्ड प्राइस यानें रॉयल सोसायटीस पाठविला, तो १७६३ च्या डिसेंबरांत वाचला गेला. कार्य पाहून कारणाची संभाव्यता कशी काढावी हा त्याचा विषय. लाप्लासनें १७७४ पासून पुढें त्याला व्यापक रूप दिलें. एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एखादा रोग हजारांत एकास असतो. त्याची एक तपासणी अशी आहे कीं रोगी तिच्यांतून कधींच निसटत नाहीं, पण निरोगी माणसांपैकीं शेंकडा पांच जणांवर ती उगाच ठपका ठेवते. तुमच्यावर ठपका आला, तर तुम्ही रोगी असण्याची संभाव्यता किती? बहुतेक लोक शेंकडा पंचाण्णव म्हणतात. आतां दहा हजार माणसें मोजा. रोगी दहा, सर्व पकडले गेले. निरोगी ९९९०, त्यांचे शेंकडा पांच म्हणजे सुमारें ५०० हेहि पकडले गेले. सुमारें ५१० जणांत खरे रोगी दहा, म्हणजे शेंकडा दोन! ‘निरोगी असतां ठपका येणें’ आणि ‘ठपका आला असतां निरोगी असणें’ या दोन गोष्टी मराठींत जितक्या निराळ्या आहेत, तितक्याच गणितांतहि निराळ्या आहेत.

यानंतर रशियन गणिती कोल्मोगोरोव्ह यानें १९३३ त या सर्वांस गृहीतकांचा भक्कम पाया घातला. आपल्याकडे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनीं १९३१ सालीं कलकत्त्यास भारतीय सांख्यिकी संस्था काढली. मराठी माणसांचाहि या कामांत मोठा हात आहे : पानसे व सुखात्मे यांचें शेतकी संशोधकांसाठीं लिहिलेलें सांख्यिकीचें पुस्तक १९५४ त निघालें आणि पुढच्या पिढ्यांच्या हातीं राहिलें, कोल्हापुरास जन्मलेले वसंतराव हुजूरबाजार यांनीं १९५३ पासून पुणें विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभारला. हा इतिहास स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आतां त्या न्यायालयाची हकीकत. इंग्लंडांतील सॅली क्लार्क ही स्वतः वकील होती. तिचें पहिलें मूल १९९६ त आणि दुसरें १९९८ त, दोन्हीं अवघ्या कांहीं आठवड्यांचीं असतां, घरींच अकस्मात् दगावलीं. तिच्यावर दोन्ही मुलांच्या खुनाचा आरोप आला आणि १९९९ च्या नोव्हेंबरांत चेस्टरच्या न्यायालयानें तिला जन्मठेप दिली. खटल्यांत एका नामांकित बालरोगतज्ज्ञानें साक्ष दिली कीं, अशा सुस्थितींतील, धूम्रपान न करणाऱ्या कुटुंबांत अज्ञात कारणानें तान्हें मूल दगावण्याची संभाव्यता ८५४३ त एक आहे. म्हणून दोन मुलें दगावण्याची संभाव्यता ८५४३ चा वर्ग, म्हणजे सुमारें ७ कोटि ३० लक्षांत एक. ज्यूरीच्या मनावर ठसावें म्हणून घोड्यांच्या शर्यतीची उपमाहि त्यानें दिली : ऐंशीस एक भाव असलेल्या घोड्यावर लागोपाठ चार वर्षें पैसे लावून चारहि वेळां जिंकण्यासारखें हें आहे.

वाचकांनीं द म्वाव्रची अट आठवावी. हा गुणाकार केव्हां करतां येतो? दोन मृत्यु परस्परांपासून स्वतंत्र असतील तेव्हां. परंतु दोन सख्खीं भावंडें हीं दोन निराळे फांसे नव्हेत. एकच रक्त, एकच घर. अद्याप न उमगलेलें आनुवंशिक वैगुण्य पहिल्यांत असेल तर तें दुसऱ्यांतहि असण्याचा संभव मोठा. एक मूल तसें गेलें आहे ही शर्त धरली कीं दुसऱ्याची संभाव्यता ८५४३ त एक राहतच नाहीं. ती पुष्कळ वाढते. पत्त्यांच्या डावांत जें पोरासोरांस कळतें, तें येथें साक्ष देणाऱ्या तज्ज्ञाला खटकलें नाहीं.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आणि आमच्या मतें अधिक भयंकर आहे. ७ कोटि ३० लक्षांत एक हा आंकडा घटकाभर खरा मानला, तरी तो कशाचा आहे? आई निर्दोष असतां असे दोन मृत्यु घडण्याचा. ज्यूरीपुढचा प्रश्न उलटा होता : असे दोन मृत्यु घडले आहेत, आई निर्दोष असण्याची संभाव्यता किती? त्यासाठीं तराजूच्या दुसऱ्या पारड्यांत काय पडतें तेंहि पाहावें लागतें. सुस्थितींतील आईनें आपलीं दोन तान्हीं मुलें एकामागून एक मारणें हीहि अत्यंत दुर्मिळ गोष्ट आहे. दोन्ही स्पष्टीकरणें दुर्मिळ. निवड त्या दोन दुर्मिळांमध्यें करावयाची होती. एकाची दुर्मिळता सांगून दुसऱ्याचें नांवहि न काढणें म्हणजे एकाच पारड्याच्या तराजूनें माल जोखणें होय. देशभर लक्षावधि कुटुंबें असतां असा दुहेरी दुर्दैवी प्रसंग कोठें तरी, कधीं तरी येणारच. आणि ज्या घरावर तो येईल, तेंच घर आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहणार, ही गोष्टहि त्या आंकड्यानें झांकली गेली.

पहिलें अपील २००० सालीं फेटाळलें गेलें. २००१ च्या ऑक्टोबरांत ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनें जाहीर निवेदन काढून, या गुणाकारास कांहींहि शास्त्रीय आधार नाहीं आणि त्या आंकड्याचा अर्थहि चुकीचा लावला जाण्याचा धोका आहे, असें बजावलें. एका विद्वत्सभेनें चालू खटल्यांतील आंकडेमोडीविरुद्ध असें उघड उभें राहावें ही विरळ गोष्ट होती. दुसऱ्या अपिलांत, २००३ च्या जानेवारींत, सॅली क्लार्क सुटली. सुटकेचें मुख्य कारण वैद्यकीय होतें : दुसऱ्या मुलाच्या शरीरांतील जंतूंच्या तपासणीचा अहवाल बचावपक्षास दाखविलाच गेला नव्हता, असें आढळून आलें. आंकड्याविषयीं अपील-न्यायालय एवढेंच म्हणालें कीं, तो मुद्दा पूर्णपणें लढविला गेला असता तर बहुधा त्याहि कारणानें अपील मान्य झालें असतें. म्हणजे गणिताची चूक सिद्ध होऊनहि तिची सुटका झाली ती दुसऱ्याच वाटेनें. तीन वर्षांहून अधिक काळ ती तुरुंगांत होती. त्या आघातांतून ती सांवरली नाहीं. २००७ च्या मार्चमध्यें बेचाळिसाव्या वर्षीं ती वारली. तिच्यानंतर इंग्लंडांतील अशा प्रकारचे आणखी कांहीं खटले पुन्हा तपासले गेले आणि दुसऱ्या माताहि सुटल्या.

त्याच रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीनें पुढें न्यायाधीश, वकील व तज्ज्ञ साक्षीदार यांच्याकरितां मार्गदर्शक पुस्तकांची एक मालिकाच काढली. तिच्यांतलें पहिलें पुस्तक २०१० सालचें असून, फौजदारी खटल्यांतील पुराव्यासाठीं संभाव्यतेचीं मूलतत्त्वें हा त्याचा विषय आहे.